बॉयलरमधलं स्टेनलेस ऑफ-सीझनलाच का तुटतं?

चिकोडी, अथणी, हुक्केरीकडच्या साखर कारखान्यांत गाळप संपलं की बॉयलर थंड होतो आणि मेंटेनन्स लागतो. सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या भागाच्या) नळ्या धरून ठेवणाऱ्या स्टेनलेसच्या क्लॅम्पवरची राख झाडायला हातोडी मारावी, तर क्लॅम्पच खापरीसारखा तुटतो. चार-पाच हंगाम वजन पेललेला, पण तुटताना जरासुद्धा वाकत नाही. संशय आधी माल पुरवणाऱ्यावर जातो. स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर, तपासावं तर क्रोमियम २५ टक्के, निकेल २० टक्के. म्हणजे उष्णता सोसणारा ३१० ग्रेडच, मालात खोट नाही.

बदललेली असते आतली मांडणी. साधारण ६०० ते ९०० अंश सेल्सिअसला महिनोन्‌महिने राहिलं की लोखंड आणि क्रोमियम एकत्र येऊन धातूच्या कणांच्या सीमांवर ‘सिग्मा’ नावाची अवस्था धरते. या स्टेनलेसची मूळ रचना म्हणजे ऑस्टेनाइट. त्याच्या स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या एका घरात ४ अणू असतात, सिग्माच्या घरात ३०. इतक्या गिचमिडीत अणूंचे थर सरकत नाहीत, म्हणून ठोका बसला की धातू वाकण्याऐवजी भेग धावते. तापलेल्या अवस्थेत हा ठिसूळपणा बराचसा झाकलेला राहतो. थंड झाल्यावर उघडा पडतो.

नळ्या यातून बहुधा सुटतात, कारण त्यांना आतून वाफ थंड ठेवते. क्लॅम्पला मात्र सात-आठशे अंशांचा धूर चारी बाजूंनी भाजतो.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत असे भाग ओतणाऱ्यांनी सिलिकॉनवर नजर ठेवावी. ते वाढवलं की वितळलेल्या धातूचा रस साच्यात छान धावतो खरा, पण सिग्मालाही घाई होते. निकेल आणि नायट्रोजन तिला रोखून धरतात.

३०९ ग्रेडच्या स्टेनलेस रॉडने केलेल्या नव्या वेल्डला लोहचुंबक किंचित ओढ घेतो, कारण त्यात थोडं फेराइट, म्हणजे लोखंडाची चुंबकाला ओढली जाणारी रचना, असतं. या तापमानाला सिग्मा आधी फेराइटमध्येच बनते आणि ती ओढ जाते. हा नुसता इशारा. खात्री करायची तर तुकडा पॉलिश करून, आम्लाने खोदून सूक्ष्मदर्शकाखालीच बघावा लागतो.

सुमारे १०५० ते ११०० अंशांना तापवून पाण्यात विझवलं की सिग्मा विरघळते. पण एवढी भट्टी कारखान्यात कुठे? शिवाय परत त्याच धुरात गेल्यावर ती पुन्हा धरणारच. त्यामुळे क्लॅम्प बदललेला परवडतो. जुन्याला तसाच वेल्ड मारला तर आकसण्याच्या ताणाने टाक्याशेजारीच तडा जातो. काढतानाही हातोडी नको, ग्राइंडरने कापावा. उडालेला तुकडा डोळ्यात जातो, नाहीतर शेजारच्या नळीला टोचा पाडतो.