एमसीबी पडली? वर करण्याआधी एक फोटो काढा

पावसाळ्यात चिपळूण परिसरातून आमच्या दुकानात सकाळचा पहिला फोन बहुतेक वेळा हाच असतो. "शेजारी लाईट आहे, आमच्याकडेच नाही. वर केलं तरी परत पडतंय." किती वेळा वर केलं? "पाच-सहा वेळा केलं असेल." डीबीत, म्हणजे खटक्यांच्या पेटीत, नक्की काय पडलं होतं? "ते नाही हो बघितलं, सगळेच खटके खाली-वर केले."

आमचा वेळ आणि तुमचे पैसे जातात ते इथेच. आम्ही पोचेपर्यंत सगळं सुरळीत चालू असतं आणि काय पडलं होतं ते कुणालाच आठवत नाही. म्हणून विनंती एवढीच, की हात लावण्याआधी डीबीचं झाकण उघडा, फोटो काढा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. जळका वास येत असेल, डीबी गरम लागत असेल किंवा भिंत ओली असेल तर मात्र फोटोही नको; मेन स्विच कोरड्या जागी असेल तर तो बंद करा आणि फोन करा.

फोटोवरून आम्हाला बरंच कळतं. अरुंद खटका म्हणजे एमसीबी, करंट जास्त झाला की आपोआप पडणारी. ती वर करताक्षणी पडली तर शॉर्ट. पुन्हा वर करू नका. काही वेळाने पडली तर लोड. इंडक्शन 2000 वॅट, किटली 1500 आणि मायक्रोवेव्ह 1200 एकाच लाईनवर चालले की 20 अँपिअरच्या वर जातं, आणि तुमची एमसीबी असते 16 ची. एखादं यंत्र काढा, दोन मिनिटं थांबा, खटका आधी पूर्ण खाली ओढा आणि मग वर करा. अर्ध्यावर अडकलेला खटका नुसता वर ढकलून लागत नाही.

रुंद खटका, ज्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं, ती आरसीसीबी. घरात ती सहसा 30 मिलिअँपिअरची असते. ती पडली म्हणजे करंट कुठेतरी जमिनीत गळतोय. इथे सगळ्या एमसीबी खाली करा, घरातल्या सगळ्या पिना काढा, मग आरसीसीबी वर करून एकेक एमसीबी चढवा. जिच्यावर पुन्हा पडेल ती खाली ठेवा, बाकीचं घर चालू राहील.

पिना काढा म्हणजे काढाच, नुसती बटणं बंद करून भागत नाही. गेल्या जुलैत एका घरी आमच्या तीन फेऱ्या झाल्या. "गिझर तर बंदच होता" असं तिन्ही वेळा ऐकलं. बटण बंद होतं हे खरं, पण बटण फक्त फेज (करंट आणणारी वायर) तोडतं, न्यूट्रल (परतीची वायर) जोडलेलाच राहतो. गिझरची कॉइल फुटून न्यूट्रल अर्थला लागला होता. पिन ओढली आणि कटकट संपली. पडवीतल्या दिव्याचं किंवा विहिरीच्या पंपाचं असं झालं तर तिथे पिनच नसते, ते काम आमच्यावर सोडा.

दोन गोष्टींवरून लोक आमच्यावर रागावतात. एक, 16 च्या जागी 32 ची एमसीबी आम्ही बसवत नाही. एमसीबी वायर वाचवण्यासाठी असते. आतली वायर अडीच चौरस मिलिमीटरची असेल तर 32 ची एमसीबी पडायच्या आत वायरच तापेल, तीही भिंतीत. दुसरं, "पावसापुरती आरसीसीबी काढून द्या" हे आम्ही करत नाही. बाहेरचा एखादा इलेक्ट्रिशियन करून देईलही, आमच्याकडून होणार नाही.

व्हिजिटचे 300 रुपये आम्ही खटका वर करण्याचे घेत नाही, दोष शोधण्याचे घेतो. फोटोवरून फोनवरच काम झालं तर काहीच घेत नाही, आणि तसं बऱ्याचदा होतं.

महिन्यातून एकदा ते 'टी'चं बटण दाबून बघा. आरसीसीबी पडली तर ठीक. नाही पडली तर त्याच दिवशी कळवा. मे महिन्यात अर्थिंग आणि मेगर (वायरचं इन्सुलेशन शाबूत आहे का बघणारी) तपासणी करून घेणाऱ्यांच्या डीबीवर आम्ही मराठी स्टिकर फुकट लावून देतो. फक्त त्या वेळी घरातलं कुणीतरी सोबत थांबा, म्हणजे 'लाईन 3' लिहिण्याऐवजी तुम्ही म्हणता तसं 'माजघर', 'पडवी', 'पंप' लिहिता येईल.