नव्या पैशांच्या आधीचं घर

इंदुरात वारसा म्हटलं की राजवाडा, लालबाग, फार तर माणिकबाग. मनोरमागंज किंवा स्नेहलतागंजमधल्या १९४५ ते १९६५ च्या बैठ्या घरांची आठवण कुणाला होत नाही, आणि कायद्यालाही ती दिसत नाहीत. १९५८ चा केंद्रीय कायदा प्राचीन वास्तूला किमान १०० वर्षांची अट घालतो. अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदीत साधारण ५० वर्षं पुरतात, इंग्लंडमध्ये ३०. आपल्याकडे आधार उरतो तो शहराच्या स्वतःच्या यादीचा. मुंबईने १९९५ मध्ये अशी नियमावली केली. तिच्या तीन श्रेणींपैकी साध्या घरांना जागा मिळाली तर तिसरीत. दिल्लीचं १९७२ चं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनाचं दालन मात्र ६० वर्षांच्या अटीत अडकलं आणि २०१७ मध्ये पाडलं गेलं.

म्हणून असं घर यादीत घालण्याजोगं आहे का हे तपासताना आधी वय. 'आजोबांनी बांधलं' यात दहा-पंधरा वर्षं सहज इकडची तिकडे होतात. त्यापेक्षा कागद काढा. शिक्का होळकर संस्थानाचा असेल तर कागद १९४८ च्या आधीचा, 'मध्य भारत'चा असेल तर तिथून १९५६ च्या ऑक्टोबरपर्यंतचा, 'मध्य प्रदेश'चा असेल तर त्यानंतरचा. कराची पावती आणे-पैंत असेल तर ती बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीची. नंतर काही वर्षं 'नये पैसे' दिसतात. जुने छापील फॉर्म संपेपर्यंत वापरले जातात, त्यामुळे दोन कागद जुळल्याशिवाय साल पक्कं धरू नये. नकाशा फूट-इंचांत आहे यावरून मात्र काहीच ठरत नाही, मिस्त्री आजही फुटांतच बोलतात.

मग भिंत. मीटरच्या पेटीमागे, कुणाला दिसणार नाही तिथे, तळहाताएवढा गिलावा काढा. विटांच्या सांध्यांतला मसाला नखाने भुगा होऊन निघत असेल आणि त्यात पांढरे खडे असतील तर तो चुन्याचा. स्लॅबची सळई उघडी पडली असेल तर ती नीट बघा: गुळगुळीत गोल सळई जुनी, पिळाची नंतरची. १९५२ च्या घरात एकाच खोलीला पिळाची सळई निघाली, तर ती खोली मागाहून वाढवली आहे किंवा तिचा स्लॅब बदलला आहे.

खरी परीक्षा मूळपण किती उरलंय याची. अमेरिकेची नोंद त्यासाठी सात गोष्टी तपासते: जागा, रचना, परिसर, साहित्य, कारागिरी, त्या काळाचा जाणवणारा भाव आणि इतिहासाशी संबंध. राजवाड्यात एक दालन बदललं तरी नक्षी उरते. साध्या घराकडे नक्षीच नसते. ओटा, सिमेंटची जाळी, गोलाई दिलेला छज्जा, मोझॅकची फरशी, सागवानी चौकटी एवढंच भांडवल. त्यातलं दोन-तीन गेलं की घर नुसतं जुनं उरतं. पण बदल आणि नुकसान एक नव्हे. ओट्याला लावलेली लोखंडी ग्रिल काढता येते. फोडलेलं मोझॅक परत येत नाही. फरशीवर नवीन टाइल असेल तर उंबरा बघा: तो आत बुडाल्यासारखा दिसला, तर मोझॅक खाली शाबूत असण्याची शक्यता आहे. दर्शनी भिंतीवर ग्रॅनाइट चिकटवला असेल तर आशा कमी, कारण तो पकडावा म्हणून खालचा गिलावा टोचलेला असतो.

पडझड आणि मूल्य यांची गल्लत नको. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणून खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते. भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा ठिपका देऊन तारीख घाला आणि एक पावसाळा, एक उन्हाळा जाऊ द्या. ठिपका तडकला तर भेग अजून हलतेय. स्लॅबसाठी काँक्रीटच्या ताज्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन टाका: गुलाबी झालं तर तिथे सळई सुरक्षित, रंगहीन राहिलं तर काँक्रीटची अल्कता गेली आहे, आणि असा अल्कता गेलेला थर सळईपर्यंत पोचला की गंज धरतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे खालचे पोपडे सुटतात. हा दुरुस्तीच्या खर्चाचा प्रश्न झाला. यादीत नाव घालायचं की नाही, हे त्यावर ठरवणं म्हणजे ताप बघून कुंडली मांडणं.

आणि एकटं घर क्वचितच टिकतं. तपासावी ती ओळ: एकाच सुमाराची, सारखं अंगण सोडलेली, सारख्या उंचीची दहा-बारा घरं. समोरच्या बाजूने प्रत्येकाचा सरळ फोटो घ्या आणि शाबूत, बदललेलं, हरवलेलं अशा तीन खुणा करा. सुरुवात कोपऱ्यावरच्या घरापासून करा. दोन रस्त्यांच्या प्लॉटला भाव जास्त, म्हणून बिल्डरची नजर आधी तिथेच जाते.