सुरक्षा चिपची कर्नलसाठी नोंद

बोर्डावरची सुरक्षा चिप, म्हणजे टीपीएम (गुप्त किल्ल्या आणि मोजमापे जपणारी चिप), कुठल्या बसवर, म्हणजे चिपांना जोडणाऱ्या तारांच्या मार्गावर, बसवली आहे, कितव्या पत्त्यावर आहे आणि किती वेग झेपते, हे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, सांगणारे लेखी वर्णन. लिनक्समध्ये एआरएम जातीच्या प्रोसेसरच्या बहुतेक बोर्डांसाठी ते डिव्हाइस ट्री या रचनेत लिहितात. या रचनेचे मूळ ओपन फर्मवेअरच्या (फर्मवेअर म्हणजे संगणक सुरू करून देणारे पायाभूत सॉफ्टवेअर) १९९४ सालच्या आयईईई १२७५ मानकात आहे.

यूएसबी किंवा पीसीआयवरचे उपकरण विचारले की आपला उत्पादक आणि क्रमांक स्वतः सांगते. एसपीआय आणि आयटूसी या बसवर तशी सोय नाही, आणि छोट्या बोर्डांवर टीपीएम बहुधा याच बसवर असते. तारा जोडल्या, वीज दिली, तरी नोंद नसेल तर कर्नलच्या लेखी चिप नाहीच.

बेळगाव भागात हे उताऱ्यावरून चटकन समजते. शेत आपला सर्व्हे नंबर बोलून दाखवत नाही, तो कागदावर असतो. खानापूर तालुक्यात त्या कागदाला आरटीसी किंवा पहाणी म्हणतात, शेजारच्या चंदगडात सातबारा. काम एकच, नमुना वेगळा. टीपीएमचेही तसेच: इंटेल-एएमडीच्या संगणकांत फर्मवेअर ही माहिती एसीपीआय या मानकाच्या तक्त्यांतून देते, बहुतेक एआरएम बोर्डांवर ती डिव्हाइस ट्रीतून येते.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डावर टीपीएम मुळात नसते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या यंत्राच्या नियंत्रकाला ती हवी असेल, तर इन्फिनिऑनच्या एसएलबी ९६७० चिपचे छोटे बोर्ड पिनांवर चढवता येते. नोंदीचा गाभा तीन ओळींचा. ‘कम्पॅटिबल’मध्ये उत्पादकाचे नाव, स्वल्पविराम आणि चिपचे नाव, ‘रेग’मध्ये १, म्हणजे दुसरी चिप-सिलेक्ट (चिप निवडणारी) तार, कारण मोजणी शून्यापासून, आणि कमाल वेग ३,२०,००,००० हर्ट्झ. त्या १ च्या जागी ० पडला की कर्नल भलत्याच तारेवर हाका मारत राहतो. सगळे जुळले की ‘टीपीएम०’ ही उपकरण-फाइल दिसू लागते.

वर्णन हार्डवेअरचे करायचे, ड्रायव्हरच्या, म्हणजे चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सोयीचे नाही, हा या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा नियम. ड्रायव्हर बदलतो, बोर्डावरची तार तिथेच राहते. एकदा स्वीकारलेली नोंद पुढच्या कर्नलनेही वाचावी, अशी अपेक्षा असते. म्हणून गुणधर्मांची नावे आधी तपासून, चर्चा करून ठरवतात.

नोंद अचूक असूनही वेळ चुकू शकते. फाइलींची मोजमापे, म्हणजे हॅश (मजकुरावरून काढलेले ठशासारखे आकडे), ठेवणारी आयएमए ही कर्नलची यंत्रणा बूट होतानाच टीपीएम शोधते. एसपीआयचा ड्रायव्हर मॉड्यूल, म्हणजे वेगळा जोडभाग, म्हणून मागाहून आला, तर तिला चिप सापडत नाही आणि ती टीपीएमला वगळून पुढे जाते. नंतर चिप दिसली तरी ती मोजमापे चिपमध्ये उतरलेली नसतात. अशा बोर्डावर एसपीआय आणि टीपीएमचे ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधून घ्यावेत.

डिव्हाइस ट्री कर्नलच्या हाती देतो तो बूटलोडर, म्हणजे कर्नलला सुरू करणारा प्रोग्राम. वाटेत कोणी टीपीएमची नोंद पुसली, तर कर्नलला चिप दिसणारच नाही. म्हणून मोजमापासह बूट करताना कर्नलबरोबर डिव्हाइस ट्रीचाही हॅश काढून तो टीपीएमच्या पीसीआर या मोजमापांच्या नोंदवहीत चढवणे हिताचे, आणि हे काम कर्नल सुरू होण्याआधी, बूटलोडरनेच करायचे असते.