हातापायांची आग, मुंग्या, बधिरपणा : नसांच्या तपासणीला येण्याआधी

‘नस दबलीये’ असं सांगत लोक आमच्याकडे येतात आणि सोबत पायाच्या डॉपलरचा रिपोर्ट आणतात. चूक त्यांची नाही, शब्दाची आहे. रक्तवाहिनीलाही आपण नस म्हणतो आणि मेंदूकडे संवेदना पोहोचवणाऱ्या चेतातंतूलाही नसच म्हणतो. डॉपलरमध्ये रक्ताचा प्रवाह दिसतो. आम्ही तपासतो ती दुसरी नस, आणि या पत्रकातही नस म्हणजे तीच.

डॉक्टरांनी तुम्हाला एनसीव्ही (विजेचे छोटे झटके देऊन नसेचा वेग मोजणं) किंवा ईएमजी (सुईने स्नायू तपासणं) यासाठी पाठवलं असेल. त्या चिठ्ठीसोबत आणखी एक कागद आणा, तो मात्र तुम्हालाच तयार करायचा आहे.

दुखण्याचा नकाशा

हातापायांचं एक चित्र काढा. वेडंवाकडं चालेल. आग होते तिथे लाल रेघा मारा, बधिर वाटतं तिथे ठिपके द्या, करंट बसल्यासारखं होतं तिथे फुली. ‘सगळा पाय दुखतो’ म्हणणारी माणसं चित्र काढायला बसली की बऱ्याचदा थबकतात. सगळा नाही, तळवा आणि दोनच बोटं, हे तेव्हा त्यांच्या लक्षात येतं.

या जागांना फार अर्थ असतो. दोन्ही पावलांच्या बोटांपासून सुरू होऊन मोजा चढवावा तसं वर सरकणारं दुखणं हे सर्वांत लांब नसांचं दुखणं असतं, कारण लांब नसांची टोकं आधी खराब होतात. ते गुडघ्याच्या आसपास पोहोचेपर्यंत हातांच्या बोटांनाही मुंग्या यायला लागतात. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांत मुंग्या येऊन रात्री जाग येत असेल, हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर संशय मनगटावर जातो. करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट असेल, तर कोपराजवळ पाहावं लागतं. एकाच पायात कमरेपासून खाली उतरणारी, खोकलं की वाढणारी कळ बहुधा मणक्यापाशी सुरू झालेली असते.

चित्राच्या मागे तारखा लिहा : कधी सुरू झालं, कुठून कुठे सरकलं, रात्री वाढतं का, पायावर चादर सहन होते का.

औषधं, दारू आणि रक्त

चालू औषधांची पूर्ण यादी लागते, बंद झालेल्यांचीही. मधुमेहाचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर नसांना लागणारं बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. क्षयरोगाचं आयसोनियाझिड आणि कर्करोगावरची काही औषधं नसांना त्रास देतात. दारूचं प्रमाण खरं सांगा. तो आकडा निदानासाठी हवा असतो, उपदेशासाठी नाही.

ताकदीच्या गोळ्या म्हणून कुणी मोठ्या मात्रेत बी६ घेत असेल, तर तेही सांगा. बी६ कमी पडलं तर नसा बिघडतात आणि दीर्घकाळ अति झालं तरीही बिघडतात. बी१२ची इंजेक्शनं सुरू करायची असतील, तर आधी रक्त तपासणीला देऊन घ्या. इंजेक्शननंतरचा आकडा फुगलेला येतो आणि मूळ कमतरता होती की नव्हती, हे कळेनासं होतं.

सुरुवातीच्या रक्ततपासण्यांत साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), बी१२, थायरॉइड, किडनी आणि रक्तातल्या प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस (प्रथिनांचे प्रकार वेगळे करून पाहणं) या साधारणपणे असतात. एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. काहींच्या पायांची आग तिथेच सुरू झालेली असते, म्हणून ‘शुगर बॉर्डरवर आहे’ एवढ्यावर तो रिपोर्ट घरी ठेवू नका.

आमची वाट पाहू नका, जर

काही दिवसांत पायांतली ताकद जाऊन अशक्तपणा वर चढत असेल. लघवी अडली किंवा सुटली असेल, बसण्याच्या जागेची जाणीव गेली असेल. किंवा एका बाजूचा हातपाय अचानक लुळा पडला असेल, तर थेट हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा.

खोलीत काय होतं

आधी आम्ही तुमचे पाय हाताने चाचपतो. गार असतील तर गरम करतो, कारण गारठलेली नस हळू चालते आणि निरोगी माणसाचा रिपोर्टही बिघडलेला दिसतो. मग पेनाने खुणा, टेपने अंतर आणि त्वचेवरून विजेचे छोटे झटके. पाऊल आपोआप उडतं, दचकू नका. धडधाकट माणसाच्या पायातल्या नसेचा वेग सेकंदाला साधारण ४० मीटरच्या वर असतो, हातात ५० च्या वर.

ईएमजीत स्नायूत बारीक सुई जाते. टोचतं, खोटं कशाला सांगू. मशीनमधून स्नायूचा आवाज ऐकू येतो. सैल सोडलेला निरोगी स्नायू गप्प असतो. नस तुटलेला स्नायू पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा टपटपत राहतो. मात्र दुखापतीनंतर ही टपटप सुरू व्हायला दोन-तीन आठवडे जातात. फार लवकर आलात तर पुन्हा यावं लागेल.

त्या दिवशी अंगाला तेल किंवा क्रीम लावू नका, अंगठ्या काढून ठेवा. पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, गोळी स्वतःहून बंद करू नका.

रिपोर्ट नॉर्मल आला तर

पायाचा अंगठा दाराला आपटला की आधी एक तीक्ष्ण कळ येते आणि क्षणभराने मागून ठणका, जळजळ येते. तो उशीर का? जळजळ आणणारे तंतू अतिशय बारीक असतात आणि त्यांचा वेग सेकंदाला एखाद-दोन मीटर, कधी त्याहूनही कमी. आमच्या मशीनला जाड, वेगवान तंतूच दिसतात, हे बारीक तंतू दिसतच नाहीत. म्हणून तळपाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखे पेटलेले आणि एनसीव्ही मात्र स्वच्छ, असं खरोखर घडतं. ‘मनाचं दुखणं आहे’ असा शिक्का त्यावर मारणं आम्हाला मान्य नाही.

अशा वेळी न्यूरोलॉजिस्ट घोट्याच्या वरून ३ मिलिमीटर त्वचेचा तुकडा काढून त्यातले बारीक तंतू मोजायला सांगू शकतात. ही तपासणी आमच्याकडे होत नाही. सगळं करूनही काही जणांना कारण सापडत नाही, तरीही वेदना कमी करणारी औषधं असतात. त्यांच्यासाठी कारण सापडण्याची वाट पाहावी लागत नाही.

तुमच्या नकाशाची झेरॉक्स आम्ही रिपोर्टला जोडतो. मूळ कागद तुमच्याकडे ठेवा आणि दर महिन्याला वेगळ्या रंगाने त्यावर नवी हद्द आखा.