अवांतर वाचन (कोकणातील शाळा)

पाठ्यपुस्तकाबाहेरचे, विद्यार्थ्याने स्वतः निवडलेले आणि परीक्षेत ज्यावर प्रश्न येणार नाही असे वाचन म्हणजे अवांतर वाचन. कोकणात त्याची सवय लावण्याचे काम मुख्यतः जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा आणि गावोगावची सार्वजनिक वाचनालये करतात.

वाचनालयांची परंपरा येथे जुनी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांचे पोंभुर्ले (ता. देवगड) हे गाव शासनाच्या ‘पुस्तकांचे गाव’ योजनेच्या विस्तारासाठी निवडले गेले. पण मोठी वाचनालये बाजारपेठेच्या गावी, आणि मुले डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्यांत. पुस्तक बदलायला एसटीने जावे लागले, तर सवय लागणे कठीण. म्हणून पुस्तकांची पेटी वाडीत नेऊन ठेवणे किंवा वर्गात दोरी बांधून पुस्तके मुलांच्या हाताला येतील अशी अडकवणे, हे साधे उपाय अधिक चालतात.

शाळेत पुस्तके नसतात असे नाही. ती कपाटात असतात. डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या मालमत्तेच्या नोंदवहीत) नोंद असल्याने एखादे हरवले तर भरपाई कोणी करायची, या धास्तीने कुलूप निघत नाही. पावसाळ्यात बंद कपाटाला आतून ओल धरते, पानांवर बुरशी येते, मग कसर लागते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढणे, आत वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवणे आणि उघडीप मिळताच पाने उलगडून वारा देणे, एवढे तरी करावे लागते. हाताळले जाणारे पुस्तक फाटते खरे, पण ते सहसा कुजत नाही.

परिपाठानंतर रोज पंधरा-वीस मिनिटे सर्वांनी, शिक्षकांनीही, मुकाट्याने वाचायचे ही पद्धत रुळलेली आहे. पुस्तक मुलाने निवडायचे. नाही आवडले तर अर्ध्यावर सोडायची मुभा हवी. एका पानात पाचाहून अधिक शब्द अडले तर ते पुस्तक तूर्त बाजूला, असा ढोबळ नियम मुलांना सांगता येतो. ‘सारांश लिहून आण’ म्हटले की मात्र गोडी जाते. गृहपाठात आणखी एकाची भर, एवढेच मुलाला कळते.

अडखळत वाचणाऱ्याला एकट्याने वाचायला बसवून उपयोग नसतो. २०२१ मध्ये सुरू झालेल्या, लहान वर्गांत वाचन आणि अंकज्ञान पक्के करण्याच्या केंद्राच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचण्याचे लक्ष्य आहे. तोवर शिक्षकांचे प्रकट वाचन आणि जोडीने वाचन उपयोगी पडते. घरी मालवणी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठी सुरुवातीला परकी वाटते. गोष्ट आधी मालवणीत सांगून मग पुस्तक हाती दिले तर ते मूल लवकर रमते.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती, १५ ऑक्टोबर, २०१५ पासून राज्यात ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळली जाते. त्या दिवशी फोटो भरपूर निघतात. १६ तारखेला कपाट उघडे असते का, हे पाहायला हवे. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे अंक आंतरजालावर विनामूल्य आहेत, पण रेंज नसलेल्या वाडीत ते आधी उतरवून न्यावे लागतात.

लावणीच्या दिवसांत हजेरी घटते आणि मे महिन्यात शाळाच बंद असते. या दोन्ही वेळी पेटी शाळेत न ठेवता वाडीतल्या एखाद्या घरी किंवा देवळाच्या सभामंडपात ठेवतात आणि देवघेवीची वही सातवी-आठवीतल्या मुलीकडे सोपवतात.