स्वमग्न मुलांसाठी वर्तनोपचार

स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या मुलांना संवाद, स्वावलंबन आणि चारचौघांत वावरण्याची कौशल्ये टप्प्याटप्प्याने शिकवण्याची पद्धत. स्वमग्नता हा आजार नसून मेंदूच्या जडणघडणीतला वेगळेपणा आहे, त्यामुळे मूल ‘बरे करणे’ हा या उपचाराचा हेतू असू शकत नाही.

ज्या वर्तनामागोमाग हवेसे काही मिळते ते पुन्हा घडते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे प्रबलनाचे तत्त्व उपचाराच्या मुळाशी आहे. हात धुण्यासारखे साधे कामही पायऱ्यांत तोडतात. पुष्कळदा शेवटची पायरी आधी शिकवतात: बाकीचे सगळे मोठ्यांनी करून द्यायचे, मुलाने फक्त हात पुसून टॉवेल जागेवर अडकवायचा. काम पूर्ण केल्याचा आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळतो.

मानसशास्त्रज्ञ आयव्हार लोवास यांनी १९८७ मध्ये लॉस एंजेलिसमधील अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला सुमारे ४० तास शिकवलेल्या १९ मुलांपैकी ९ मुले सर्वसाधारण शाळेत पहिली उत्तीर्ण झाली आणि त्यांचा बुद्ध्यांकही सरासरीच्या घरात आला. मात्र तुलनेसाठी केलेले मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे निकाल जपून वाचावा लागतो, आणि दरडावणे, मांडीवर चापट मारणे हेही त्या उपचारात होते. आज असली शिक्षा निषिद्ध मानायला हवी.

त्याआधी १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलेली गोष्ट अधिक मोलाची वाटते. आदळआपट करणाऱ्या मुलाला नेमके काय हवे असते? कुणाला अवघड कामातून सुटका हवी असते, तर कुणाला आपल्याकडे लक्ष दिलेले हवे असते. पहिल्याला ‘मला समजत नाही’ आणि दुसऱ्याला ‘मी नीट करतोय ना?’ असे म्हणायला शिकवल्यावर आदळआपट कमी झाली. वाक्यांची अदलाबदल केली की उपयोग होत नसे. न बोलणाऱ्या मुलाला हेच चित्रकार्डाने किंवा खुणेने सांगता येते.

पुढे खेळाखेळातून शिकवणाऱ्या पद्धती आल्या. अर्ली स्टार्ट डेन्व्हर मॉडेल ही त्यांपैकी एक.

सर्वांत टोकदार टीका स्वमग्न प्रौढांनीच केली आहे. डोळ्यांत बघायची सक्ती आणि हात फडफडवण्यावरची बंदी यांमुळे आपल्याला सतत मुखवटा घालून जगावे लागले, असे त्यांतले अनेक जण सांगतात. हात फडफडवून मूल अनेकदा स्वतःला शांत करत असते. त्यात कुणाला इजा नसेल तर ते थांबवण्याचे कारण नाही. सेशनमधून मूल वारंवार उठून जात असेल, तर तोही त्याचा नकारच समजावा आणि थेरपिस्टने आपली पद्धत बदलावी.