सूर्यानुगामी घरगुती सौर पॅनेल (इंदूर)

सूर्याबरोबर पूर्वेकडून पश्चिमेकडे वळत राहणारे, घरच्या घरी बांधता येणारे सौर पॅनेल; बोलण्यात ‘सोलर ट्रॅकर’. पक्क्या बसवलेल्या पॅनेलवर सकाळ-संध्याकाळ ऊन तिरपे पडते, आणि लंबापासून 60 अंश कलले की थेट उन्हाचा निम्माच लाभ होतो. ही घट टळल्याने वर्षाकाठी साधारण 15 ते 25 टक्के वीज जास्त मिळते.

इंदुरात पॅनेल फिरवायला एकच आस पुरतो; दुसऱ्या आसाचा खटाटोप करू नये. शहर 22.7 उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. आस दक्षिणोत्तर धरून त्याचे उत्तर टोक पावणेतेवीस अंशांनी उचलले की तो पृथ्वीच्या आसाला समांतर होतो. मग मोटरीला तासाला 15 अंश वळवण्याचेच काम उरते. ऐन जून-डिसेंबरातही ऊन लंबापासून साडेतेवीस अंशांपलीकडे जात नाही, म्हणजे तोटा फार तर 8 टक्के. उज्जैनच्या वेधशाळेतील सम्राट यंत्राची तिरपी भिंत याच तत्त्वावर उभी आहे. काम हाती घेण्याआधी ती अवश्य पाहून यावी.

वळवण्यासाठी जुन्या मोठ्या डिश अँटेनाचा अ‍ॅक्च्युएटर (मोटरीने लांब-आखूड होणारा दांडा) चांगला. त्याचा स्क्रू वीज बंद असतानाही पॅनेल धरून ठेवतो. दोन एलडीआरच्या (उजेडाप्रमाणे विद्युतरोध बदलणाऱ्या संवेदकांच्या) मधे उभी पट्टी लावायची. सावली ज्याच्यावर पडेल त्याच्या उलट बाजूला मोटर पॅनेल वळवते. ढगाळ दिवशी मात्र हे संवेदक भरकटतात. त्यापेक्षा दर पाव तासाला घड्याळावर हलवणे बरे, कारण 10 अंशांची चूकही जेमतेम दीड टक्का वीज घालवते. येथे सूर्याची खरी दुपार ऋतूप्रमाणे 12:10 ते 12:40 च्या दरम्यान होते, हे घड्याळ लावताना ध्यानात घ्यावे. दोन्ही टोकांना लिमिट स्विच (पॅनेल टोकाला पोचताच मोटर थांबवणारे बटण) हवेच.

खरी कसोटी सांगाड्याची. अडीच चौरस मीटरच्या पॅनेलवर ताशी 100 किलोमीटरचा वारा समोरून आदळला तर सव्वाशे किलो वजनाइतका रेटा बसतो. म्हणून खांबाचे बूड स्लॅबच्या तुळईवर यावे, नुसत्या गिलाव्यात रोवलेल्या बोल्टांवर नव्हे. आस पॅनेलच्या गुरुत्वमध्यातून जावा. आणि वळवाची चिन्हे दिसताच पॅनेल मधोमध आणून खीळ घालावी.

जागेचाही विचार हवा. राजवाड्याभोवतीच्या दाट वस्तीत शेजारचे मजले सकाळ-संध्याकाळचे ऊन अडवतात, आणि ट्रॅकरची कमाई नेमकी त्याच वेळची असते. अशा गच्चीवर तो बांधू नये. मोकळ्या कॉलनीतही चार पॅनेलांना पाचवे पक्के पॅनेल जोडले तर जवळपास तेवढीच वाढ मिळते, तीही मोटरीशिवाय. त्यामुळे गच्ची अपुरी असेल किंवा यंत्र शिकायचे असेल तरच ट्रॅकर बांधावा. पावसाळ्यात आभाळभर पसरलेला उजेड कुठल्याही एका दिशेचा नसतो, तेव्हा वळण्याचा फायदा नगण्य. ते महिने पॅनेल मधल्या स्थितीत बांधून ठेवून बेअरिंगना ग्रीस भरण्याचे असतात.